वेबसाइटवर नवे पान आपले आपणच घालावे

हापूसचा हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो आणि मेअखेर, पाऊस येता येता आटोपतो. एवढ्या अडीच-तीन महिन्यांत रत्नागिरी, देवगड, दापोलीकडच्या बागायतदाराला वर्षाची कमाई करायची असते. त्यांतले पुष्कळजण आता सगळा माल वाशीच्या बाजारात न पाठवता काही पेट्या मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला थेट देतात आणि त्यासाठी वेबसाइटही करून घेतात. वेबसाइट करून देणारा आपले पैसे घेऊन जातो. खरी अडचण कळते ती पुढच्या हंगामात. साइटवर गेल्या वर्षीचा दर तसाच असतो. डिझायनरला फोन करावा तर तो दुसऱ्या कामात. तोवर पुण्याचे गिऱ्हाईक जुन्या दराने दोन पेट्या मागते, आणि दर वाढला म्हटले की "तुमच्याच वेबसाइटवर लिहिले आहे" असे ऐकवते. गिऱ्हाइकाचे यात काही चुकत नाही. लिहिलेला दर हा दुकानदाराचा शब्दच असतो.

आंब्याच्या जागी मालेगावचे कापड घ्या, कोल्हापूरची चप्पल घ्या, की एखाद्या भगिनीने घरी चालवलेला मसाल्याचा धंदा घ्या, गोष्ट तीच. माल आपला, दर आपला, आणि तो लिहिण्याची किल्ली मात्र तिसऱ्याच्या हातात. वास्तविक आज बहुतेक लहान वेबसाइटी ज्या पद्धतीने बांधल्या जातात, त्यात नवे पान घालायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. मोबाइलवर मराठीत निरोप लिहिता येतो एवढे पुरे. आंब्याच्या पेटीचे उदाहरण धरून ते काम कसे होते ते पाहू.

सीएमएस म्हणजे काय?

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्या काळी वेबसाइटचे प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र फाइल असे. ती एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत हाताने लिहायची आणि मग सर्व्हरवर चढवायची. दहा पानांच्या साइटवर अकरावे पान घालायचे तर आधीच्या दहाही पानांवरच्या यादीत त्याचे नाव लिहावे लागे. एक चिन्ह राहिले तर पान वेडेवाकडे दिसे. त्यामुळे हे काम जाणकाराकडेच राहिले.

सीएमएस, म्हणजे मजकूर सांभाळणारी व्यवस्था, हिने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मजकूर एका डेटाबेसमध्ये राहतो आणि त्याचा पोशाख, म्हणजे रंग, अक्षरे, वरची पट्टी, खालचा पत्ता, हे सर्व थीम नावाच्या साच्यात राहते. कोणी पान उघडले की प्रोग्राम त्या क्षणी डेटाबेसमधून मजकूर काढतो, साच्यात बसवतो आणि पुढे करतो. मजकूर लिहिणाऱ्याला साच्याला हात लावावा लागत नाही. छापखान्यात मजकूर देणारा वेगळा आणि पान लावणारा वेगळा असतो, तशीच ही विभागणी आहे. फरक इतकाच की येथे पान लावणारा चोवीस तास हजर असतो.

अशा व्यवस्था अनेक आहेत. ड्रुपल, जुमला ही नावे वाचकांनी ऐकली असतील. सर्वांत जास्त चालते ती वर्डप्रेस. अमेरिकेचे मॅट मलनवेग आणि इंग्लंडचे माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या एका जुन्या प्रोग्रामवरून ती तयार केली आणि मे २००३ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढली. प्रोग्राम फुकट आहे, त्याचा परवानाही खुला आहे. आज जगातल्या दर १० वेबसाइटींमागे ४ हून अधिक तिच्यावर चालतात असे पाहण्यांत दिसते. आपल्या डिझायनरने बहुधा तीच वापरली असेल. नसेल तर नावे थोडी बदलतील, कामाचा क्रम हाच राहील.

आधी किल्ली

साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन डब्ल्यूपी-ॲडमिन हे शब्द इंग्रजी लिपीत लिहिले की बहुतेक साइटींवर वर्डप्रेसचे दार दिसते. तेथे नाव आणि पासवर्ड लागतो. पुष्कळ मालकांकडे तो नसतोच, डिझायनरने दिलेला नसतो आणि यांनी मागितलेला नसतो. तो आजच मागून घ्यावा. शिवाय डोमेन, म्हणजे साइटचे नाव, कोणाच्या नावावर नोंदले आहे तेही विचारून घ्यावे. ते डिझायनरच्या नावावर असेल आणि त्याने वेळेवर नूतनीकरण केले नाही, तर दुकानाची पाटी, पेटीवर छापलेला पत्ता सगळे वाया जाते. भाड्याच्या गाळ्याचे कागद आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवत नाही, मग येथे का ठेवावेत?

वर्डप्रेसमध्ये माणसागणिक अधिकार ठरवता येतात. ॲडमिनिस्ट्रेटर सर्व काही करू शकतो, साइट मोडूही शकतो. एडिटर पाने आणि लेख लिहू, बदलू शकतो, पण थीम किंवा सेटिंगला हात लावू शकत नाही. त्याखालचा ऑथर फक्त आपले लेख लिहितो, पाने घालण्याचा अधिकार त्याला नसतो. तेव्हा मालकाने ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते स्वतःजवळ ठेवावे आणि मजकुराचे काम करणाऱ्या मुलाला, मुलीला किंवा मुनिमाला एडिटरचे वेगळे खाते काढून द्यावे. एकच पासवर्ड सगळ्या घराला वाटला की दर कोणी बदलला हे मागाहून कळत नाही.

आत गेल्यावर दिसणारी चौकट इंग्रजीत असली तर ती मराठीत करता येते. प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये भाषेचा पर्याय असतो. तरी फोनवर कोणाची मदत घ्यायची वेळ आली तर इंग्रजी नावेच उपयोगी पडतात, म्हणून येथे तीच दिली आहेत.

पान की पोस्ट?

डाव्या हाताच्या यादीत पोस्ट्स आणि पेजेस असे दोन शब्द दिसतात. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ येथेच होतो. पोस्ट ही तारखेवार बातमी. नवी आली की जुनी खाली सरकते. पेज हे कायमचे पान. आमच्याविषयी, संपर्क, दर आणि नोंदणी ही पाने. "आजपासून पेट्या पाठवणे सुरू" ही पोस्ट. दरपत्रक पोस्टमध्ये घातले तर चार नव्या पोस्टखाली ते गाडले जाते. पेजेसची ही सोय वर्डप्रेसमध्ये २००५ च्या १.५ या आवृत्तीपासून आहे.

पेजेसवर बोट ठेवून ॲड न्यू किंवा ॲड पेज असे जे दिसेल ते दाबले की कोरे पान उघडते. त्याआधी तेथली जुनी यादी एकदा नजरेखालून घालावी. वर्डप्रेस बसवली की ती आपोआप सॅम्पल पेज नावाचे नमुन्याचे पान तयार करते. इंग्रजी आवृत्तीत त्यावर लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या, दिवसा सायकलवरून टपाल पोहोचवणाऱ्या आणि नट होऊ पाहणाऱ्या कोणा माणसाची ओळख असते, त्याच्या कुत्र्यासकट. आंबेविक्रीच्या साइटवर हा गृहस्थ वर्षानुवर्षे मुक्कामाला असतो आणि मालकाला पत्ता नसतो! ते पान आधी कचऱ्यात टाकावे.

मजकूर

कोऱ्या पानावर सर्वांत वर शीर्षकाची जागा असते आणि खाली मजकुराची. २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या ५.० या आवृत्तीपासून मजकूर ब्लॉकच्या रूपात लिहिला जातो. एक परिच्छेद म्हणजे एक ब्लॉक, एक फोटो म्हणजे एक ब्लॉक, एक तक्ता म्हणजे एक ब्लॉक. अधिकचे चिन्ह दाबून हवा तो ब्लॉक घ्यायचा. यात शिकण्यासारखे अर्ध्या तासाचेच आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

लिहिण्याची गोष्ट मात्र खोलात जाऊन सांगण्यासारखी आहे. दरपत्रक म्हणून पुष्कळजण काय करतात, तर डीटीपीवाल्याकडून बनवलेले रंगीत पत्रक फोटो म्हणून पानावर चिकटवतात. दिसायला ते झकास दिसते. पण मोबाइलवर त्यातली अक्षरे मुंगीएवढी होतात, शोधयंत्राला त्या चित्रातला मजकूर नीट मिळेलच असे नाही, अंध वाचकाचा मोबाइल ते वाचून दाखवू शकत नाही, आणि त्यातला एक दर बदलायचा तर पुन्हा डीटीपीवाल्याकडे जावे लागते. म्हणजे ज्या परावलंबनातून सुटण्यासाठी खटाटोप केला, तेच दुसऱ्या दाराने आत आले. दर अक्षरांतच लिहावा. तक्त्याच्या ब्लॉकमध्ये तीन रकाने पुरेत: फळाचा आकार, पेटीत किती डझन, आणि दर. पाच-सहा रकाने केले तर मोबाइलवर उजवीकडचे कापले जातात, आणि कापला जातो तो नेमका दर.

येथे आणखी एक अडचण मराठीपुरती आहे. जुना मजकूर श्रीलिपी किंवा तशाच इतर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो उचलून वेबसाइटवर टाकला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कारण त्या फाँटमध्ये आतून अक्षरे इंग्रजीचीच असतात, त्यांना फक्त मराठी चेहरा दिलेला असतो. फाँट नसलेल्या यंत्रावर तो चेहरा गळून पडतो. वेबसाइटला युनिकोड मराठी लागते. मोबाइलवर आपण जी मराठी टाइप करतो ती युनिकोडच असते. जुना मजकूर थोडा असेल तर मोबाइलवर पुन्हा टाइप करणे सोपे. जास्त असेल तर रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यानंतर जोडाक्षरे आणि आकडे डोळ्यांत तेल घालून तपासावेत. दराच्या पानावर एक आकडा फिरला तर काय होईल हे सांगायला नको.

पहिल्या दोन ओळींत काय विकतो, कोठून पाठवतो आणि कोठवर पोहोचवतो हे आले पाहिजे. त्याखाली दर कोणत्या तारखेचा आहे ते लिहावे. पाठवणीचा खर्च दरात धरला आहे की वेगळा, फळ खराब निघाले तर किती दिवसांत कळवायचे आणि काय भरपाई मिळेल, हे स्पष्ट असावे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले आहे. त्याखाली आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असेल तर तो क्रमांकही द्यावा. दुसऱ्या राज्यातला आंबा हापूस म्हणून खपवला जात असताना गिऱ्हाईक हा क्रमांक पाहते. आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी २०२० चे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार धंद्याचे कायदेशीर नाव, कार्यालयाचा पत्ता, संपर्काची साधने आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा तपशील साइटवर दाखवावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत असा नियम आहे. हा मजकूर एकदा लिहिला की दर वर्षी तोच चालतो.

पानाचा पत्ता

पानाला शीर्षक दिले की वर्डप्रेस त्यावरून पानाचा पत्ता स्वतःच बनवते. उजव्या बाजूच्या पट्टीत तो स्लग किंवा लिंक या नावाखाली दिसतो. शीर्षक मराठी असेल तर पत्ताही मराठी होतो, आणि येथे एक गंमत आहे. पत्त्यात मराठी अक्षर जसेच्या तसे साठवले जात नाही. प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीची नऊ-नऊ चिन्हे होतात, आणि वर्डप्रेसमध्ये या पत्त्याला जागा २०० चिन्हांची. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरे, मात्रा धरून. "रत्नागिरी हापूस आंबा पेटी नोंदणी" असे शीर्षक दिले तर पत्ता 'पेटी'च्या वेलांटीआधीच संपतो. पेटीची होते 'पेट', आणि नोंदणी तर नाहीशीच होते. असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की पुष्कळदा टक्क्यांच्या चिन्हांची दोन-तीन ओळींची माळ जाते. ती पाहून गिऱ्हाईक फसवणुकीची लिंक समजून दाबत नाही.

म्हणून शीर्षक खुशाल मराठीत ठेवावे, पण स्लग इंग्रजी लिपीत, लहान आणि सोपा लिहावा. 'हापूस-पेटी' एवढे दोन शब्द पुरे. त्यात साल घालू नये. साल घातले की दर वर्षी नवे पान, नवा पत्ता आणि जुने पान जुन्या दरासह मागे शिल्लक. सुरुवातीला सांगितलेले भांडण तेथूनच उगवते. एकदा पत्ता पेटीवर, पावतीवर छापला की बदलूही नये. पोस्टचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्याकडे नेते, पण पेजच्या बाबतीत त्या सोयीचा भरवसा नाही. जुन्या पत्त्यावर आलेल्याला "पान सापडले नाही" एवढेच दिसण्याचा संभव असतो.

फोटो

फोटो आपल्याच बागेचे असावेत. इंटरनेटवरून उचललेला आंबा ओळखू येतो, आणि तो दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने नसती अडचणही होते. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस फार मोठा फोटो स्वतःच २५६० पिक्सेलपर्यंत उतरवते, पण दरपत्रकाच्या पानाला तोही मोठाच. आधी लहान करून चढवावा. खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडायला वेळ लागला की गिऱ्हाईक मागे फिरते. फोटो निवडला की आल्ट टेक्स्ट नावाची जागा दिसते. तेथे फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहावे, न पाहू शकणाऱ्या वाचकाला तीच ओळ ऐकू येते.

प्रसिद्धी

काम अर्धवट राहिले तर सेव्ह ड्राफ्ट दाबावे. मसुदा बाहेरच्या कोणाला दिसत नाही. प्रिव्ह्यू दाबून मोबाइलवर पान कसे दिसेल ते पाहता येते, आणि ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग पब्लिश. हे बटण पहिल्यांदा दाबले की वर्डप्रेस बहुधा "खात्री आहे ना?" अशा अर्थाची पट्टी दाखवते आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर पान बाहेर जाते. एकदाच दाबून निघून गेलेले आणि पान दिसत नाही म्हणून घोर लावून घेतलेले लोक कमी नाहीत.

पान पुढच्या तारखेला आपोआप बाहेर यावे अशीही सोय आहे. पब्लिशच्या जागी तारीख आणि वेळ द्यायची. मात्र त्याआधी सेटिंग्जमधल्या जनरल या भागात टाइमझोन कोलकाता आहे का ते पाहावे. नव्या साइटवर तो जागतिक वेळेवर ठेवलेला असू शकतो. तसे असेल तर सकाळी सहाला ठरवलेले पान आपल्याकडे साडेअकराला उगवेल.

पान प्रसिद्ध झाले म्हणजे ते वरच्या यादीत दिसेलच असे नाही. पुष्कळ साइटींवर मेनू वेगळा भरावा लागतो. जुन्या पद्धतीच्या थीममध्ये अपिअरन्समधल्या मेनूज या भागात, नव्या थीममध्ये एडिटरमधल्या नेव्हिगेशनमध्ये. हे केले नाही तर पान रस्ता नसलेल्या घरासारखे राहते, ज्याला पत्ता पाठवला तोच पोहोचतो.

दर बदलायचा तेव्हा पेजेसच्या यादीतून तेच पान उघडून आकडा बदलायचा आणि अपडेट किंवा सेव्ह दाबायचे. त्यानंतर स्वतःच्या मोबाइलवर जुनाच दर दिसला तर घाबरू नये. साइट लवकर उघडावी म्हणून पानाची तयार प्रत साठवून ठेवणारी कॅश नावाची सोय बहुतेक ठिकाणी असते आणि थोडा वेळ ती जुनी प्रतच दाखवते. वरच्या पट्टीत कॅश साफ करण्याचे बटण असेल तर दाबावे, आणि ज्या मोबाइलवर साइट कधी उघडलेली नाही अशा मोबाइलवर खात्री करावी. चुकून मजकूर बिघडला तरी आधीच्या आवृत्त्या रिव्हिजन्समध्ये साठवलेल्या असतात, त्या परत आणता येतात. कचऱ्यात टाकलेले पानही साधारण ३० दिवस तेथे राहते.

हंगाम संपल्यावर

जूनमध्ये हे पान पुसून टाकू नये. वर्षभरात ज्यांनी पत्ता जपून ठेवला, ज्यांना शोधयंत्राने तेथे आणले, ते सगळे रिकाम्या दारावर येतील. दराचा तक्ता तेवढा काढावा. त्या जागी हंगाम संपल्याचे आणि पुढची नोंदणी कोणत्या महिन्यात उघडेल ते लिहावे, फोन नंबर ठेवावा. आमरस, आंबापोळी, कोकम असा वर्षभर चालणारा माल असेल तर त्याच्या पानाचा दुवा तेथेच द्यावा. आखातात नोकरीला असलेला एखादा गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये, मुंबईतल्या घरच्यांसाठी पुढच्या वर्षाच्या पेट्यांची चौकशी करायला येतो, त्याला ही ओळ उपयोगी पडते. फेब्रुवारीत नव्या दराचा तक्ता त्याच पानावर, त्याच पत्त्यावर भरायचा आणि दराची तारीख बदलायची.